वाचकांचे प्रश्न : वर्गातील गोंदणाचा पाठ

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवते. निरनिराळ्या समाजांतील शरीरसजावटीवर प्रकल्प घेण्याचे ठरवले होते. परंतु न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरी समाजातील, हनुवटी गोंदलेल्या स्त्रीचे छायाचित्र दाखवताच वर्गात हशा पिकला, आणि यामुळे मुले टॅटू काढून घेतील अशी धास्ती काही पालकांनी बोलून दाखवली. हा विषय सोडून द्यावा का?
– एक शिक्षिका, नाशिक जिल्हा

उत्तर : मुळीच सोडू नये, फक्त सुरुवात छायाचित्राने न करता मुलांच्या आजीपासून करावी. कपाळावर, हनुवटीवर हिरवट ठिपके आणि हातावर तुळस किंवा नाव गोंदलेल्या वृद्ध स्त्रिया आपल्या खेड्यांत आजही भेटतात. गोंदणारीण कुठून येत असे, तिला धान्य दिले की पैसे, टोचताना रडू आले तेव्हा कोणी धरून ठेवले, हे मुलांनी विचारून लिहून आणावे. मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे बरोबर येते, ही समजूत कितीतरी आज्या आपण होऊन सांगतील. मात्र काही खुणा जातीजमातीशी निगडित असल्याने ‘तुमच्यात काय गोंदतात?’ असे कोणत्याही मुलाला वर्गात सर्वांदेखत विचारू नये.

त्यानंतर न्यूझीलंडच्या माओरींकडे वळावे. त्यांच्या ‘मोको’ या पारंपरिक गोंदणासाठी पूर्वी सुई नव्हे, तर हाडाची बारीक छिन्नी वापरत, ती ठोकून त्वचेत चर पाडत आणि त्यांत काजळीचा काळा रंग भरत, त्यामुळे चेहऱ्यावरून बोट फिरवले तरी रेघा हाताला लागत. त्या रेघांत त्या व्यक्तीची वंशावळ आणि समाजातील स्थान सामावलेले असते. हनुवटीवरचा मोको स्त्रियांचा. नानाया माहुता यांनी तो २०१६ मध्ये करून घेतला आणि २०२० मध्ये त्या न्यूझीलंडच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. त्यांचे छायाचित्र या टप्प्यावर दाखवावे, म्हणजे मुले ते निराळ्या नजरेने पाहतील. युरोपीय लोकांनी एकोणिसाव्या शतकात मोको असलेली माओरी शिरे नवलाच्या वस्तू म्हणून विकत घेतली आणि ती पुढे संग्रहालयांत मांडली गेली, हेही मुलांच्या वयाला झेपेल अशा शब्दांत अवश्य सांगावे. फ्रान्सने त्यांपैकी २० शिरे २०१२ मध्ये सन्मानाने परत केली. माणसाच्या चेहऱ्याकडे केवळ गंमत म्हणून पाहिल्याने काय घडले, हे मुलांना यातून उमजेल, आणि वर्गातल्या त्या हशाबद्दल वेगळे रागावण्याची गरज उरणार नाही.

मोकोचे कागदी मुखवटे मात्र मुलांकडून रंगवून घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्याच्या घराण्याची ओळख आपल्या हस्तकलेच्या तासासाठी नसते. हाताला काम हवेच असेल, तर पालकांच्या संमतीने मेंदीचा पाला वाटून लावावा. मेंदीतील लॉसोन हे रंगद्रव्य त्वचेच्या वरच्या थरातच बसते आणि तो थर झडला की रंगही जातो. गोंदणाची शाई त्याखालच्या थरात उतरते, म्हणून ती जन्मभर टिकते. फळ्यावर त्वचेची आकृती काढून हा फरक समजावला आणि निर्जंतुक न केलेल्या सुईतून कावीळ-ब पसरू शकते हेही सांगितले, तर टॅटूचा निर्णय जाणत्या वयावर सोडावा हे मुलांना पटेल, आणि पालकांची धास्तीही कमी होईल. जत्रेत मिळणारी ‘काळी मेंदी’ वर्गात आणू देऊ नये. तिच्यात बहुधा केसांच्या कलपातील पीपीडी हे रसायन असते आणि त्याने कोवळ्या कातडीवर फोड येतात.