सामान्य शिपायाचं शौर्य नेमकं कशात असतं?

‘शौर्य म्हटलं की सेनापतींचीच नावं पुढे येतात, मग साध्या शिपायाचं शौर्य कशात असतं?’ असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर एका शब्दात: कूत.

कूत-अल-अमारा हे इराकमधलं टायग्रिसकाठचं गाव. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन बगदाद घ्यायला निघाली, बगदादजवळ टेसिफॉनला अडली आणि मागे हटत इथे आली. ७ डिसेंबर १९१५ला तुर्कांनी वेढा घातला. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणीही होत्या. महिना अकरा रुपयांवर गेलेली आपल्याकडची शेतकऱ्यांची पोरं.

धान्य आटत गेलं तसे तोफखान्याचे घोडे कापायला लागले. गोऱ्यांनी खाल्ले. हिंदी शिपायांनी, हिंदू काय नि मुसलमान काय, बहुतेकांनी हात लावला नाही. साहेब लोकांनी याला हटवादीपणा ठरवलं आणि नंतर पराभवाचं खापरही त्यावर फोडलं. मला ते अजिबात पटत नाही. शिपायाला धाक देवापेक्षा गावाचा. परत गेल्यावर भावकी पंगतीला घेणार नाही, घरातल्या पोरींची लग्नं अडतील. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेनं मागवली, तरी पुष्कळांचं मन होईना. साहजिक आहे, परवानगी देणारे काही त्याच्या पंगतीला बसणार नव्हते!

तोवर स्कर्व्हीनं, म्हणजे ताजी भाजी-फळं न मिळाल्यानं होणाऱ्या रोगानं, हिरड्या सुजल्या होत्या. माणसं रानातला पाला उकडून भाजी म्हणून खात होती, शेवटी शेवटी वाट्याला मूठभर जवाचं पीठ येत होतं. आणि त्याच अंगानं रात्री चिखलाच्या खंदकात पहारा द्यायचा. एप्रिलमध्ये अखेर हजारोंनी ते मांस खाल्लं. तो पहिला घास गिळायला किती जीव घट्ट करावा लागला असेल, हे कुठल्याही पदकाच्या मजकुरात सापडणार नाही.

वेढा फोडायला बाहेरून आलेल्या फौजेचे सुमारे २३ हजार लोक मेले किंवा जखमी झाले. उपयोग शून्य. २९ एप्रिल १९१६ला सुमारे १३ हजार जण शरण गेले.

इथून पुढे शिपाई आणि अधिकारी यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. या डिव्हिजनचे सेनापती टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले, कैदेतच त्यांना ‘सर’ किताब मिळाला. शिपायांनी भाकरीसाठी बूट विकले आणि मग तिक्रीत, मोसुल असे उन्हात अनवाणी चालले. जे पोचले, त्यांतल्या अनेकांना सीरियातल्या रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपलं. गोऱ्या शिपायांतले निम्म्याहून जास्त कैदेत मेले, हिंदी शिपाई हजारोंनी.

आता नावांचं. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचा मात्र पलटणीनुसार नुसता आकडा. अशा भेदभावाबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं २०२१ साली माफी मागितली, म्हणजे शंभर वर्षांनी. आपल्याकडेही सातारा-कोकणातल्या काही गावांत त्या काळच्या शिळा आहेत: या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. तिथेही आकडाच. तुमच्या गावात अशी शिळा असेल तर जुन्या घरांत जाऊन विचारा, एखादं नाव अजून कुणाच्या तरी तोंडी असेल.