नातवाला ‘नाही’ कसं म्हणू?

“पोर भूक भूक करतंय आणि आपण फडताळाला कुलूप लावायचं? आमच्या घरात असलं पाप कधी झालं नाही हो!” इंदूरच्या रामबागेतल्या एका आजींनी मला सुनावलं. प्राडर-विली, म्हणजे भूक कधी शमतच नाही असा जन्मजात आजार, असलेल्या मुलाच्या घरून हा सवाल हमखास येतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

नातू सहा वर्षांचा. जन्मला तेव्हा अंगात त्राण नव्हतं, दूध ओढता येईना, नळीनं भरवावं लागलं. आजींनी देव पाण्यात घातले होते. पुढे तो आपणहून मागून खायला लागला तेव्हा घरात केवढा आनंद! मग उशीखाली शेव सापडू लागली, कचऱ्याच्या डब्यातही हात जाऊ लागला. वजन वाढलं, उंची मागे राहिली, आणि बोल आले सुनेच्या वाट्याला.

या मुलाच्या पंधराव्या गुणसूत्रांच्या जोडीतल्या, वडिलांकडून आलेल्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला आहे. हा आजार असलेल्या साधारण 65 ते 75 टक्के मुलांत हेच कारण असतं. त्यामुळे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ‘पोट भरलं’ हे कळतच नाही. म्हणजे हा लाडाचा परिणाम नाही आणि हावरटपणाही नाही. “वडिलांकडून” म्हटल्यावर आजींनी लेकाकडे पाहिलं. त्यांना लगेच सांगितलं, हा तुकडा बहुतेक वेळा बीज तयार होतानाच गळतो, त्यात कोणाचा दोष नसतो. अशा घरात पुढच्या बाळाला धोका 1 टक्क्याहून कमी.

कुलपाबद्दल मात्र मी माघार घेतली नाही. खाणं समोर दिसत असलं की या मुलांचा जीव सतत त्यातच अडकतो. जेवणाच्या वेळा ठरलेल्या, ताट स्वयंपाकघरातच वाढलेलं आणि अधेमधे काही मिळणार नाही हे पक्कं, एवढं झालं की चिडचिड कमी होते. त्यांना उष्मांकही बरोबरीच्या मुलांच्या 60 ते 80 टक्केच पुरतात. रविवारचे पोहे त्यालाही द्यावेत, पण मोजून, आणि जलेबी त्या दिवशी घरात कोणालाच नाही. सराफ्यातल्या खाऊगल्लीची रात्रीची फेरी त्याला घेऊन नकोच.

वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं उंचीइतकीच स्नायूंसाठीही असतात. सुरू करण्याआधी टॉन्सिल आणि झोपेतला श्वास तपासून घेतात.

एक गोष्ट मी सुनेला कागदावर लिहून दिली. या मुलांना दुखणं कमी जाणवतं आणि उलटी सहसा होत नाही. तेव्हा पोट फुगलं, दुखतंय म्हणाला किंवा उलटी झाली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

उठता उठता आजींनी विचारलं, “गणपतीत मोदक?”

एक. आदल्या दिवशीच त्याला सांगून, आणि त्या जेवणातली एक पोळी कमी करून. नैवेद्याचं ताट मात्र देवापुढे उघडं ठेवायचं नाही, आरती झाली की फडताळात.