गवती चहा शेतात लावू का?

प्रश्न: ताई, दीड एकर माळरान आहे, पाणी बेताचंच. परसातल्या गवती चहाचे ठोंब फोडून लावले तर तेल काढून विकता येईल का?

उत्तर: दादा, लावता येईल, पण आधी एक विचारते, जवळपास ऊर्ध्वपातन युनिट, म्हणजे वाफेवर तेल काढायची भट्टी, आहे का? ते नसेल तर घाई अजिबात करू नका, कारण ताज्या पाल्यातून तेल निघतं साधारण अर्धा टक्का, म्हणजे 1 टनाला 5 किलोच्या आसपास, आणि एवढा पाला टेम्पोत भरून लांब न्यायचा म्हटलं की भाड्यातच सगळं जातं बघा. परसातला चहा कपात छान लागतो पण तेलासाठी लखनौच्या सीमॅप या सरकारी संशोधन संस्थेची ‘कृष्णा’सारखी जात घ्या, भाव तेलातल्या सिट्रालवर, म्हणजे लिंबासारखा वास देणाऱ्या घटकावर ठरतो, साबण-अत्तरवाले तेच बघतात. पावसाच्या तोंडाला लावा, पाणी साचू देऊ नका, ठोंब कुजतात. पहिली कापणी 4-5 महिन्यांनी, जमिनीपासून अर्धी वीत वर, मग दर अडीच-तीन महिन्यांनी, आणि एकदा लावलं की 4-5 वर्षं पुन्हा लावायला नको. वासामुळे गुरं सहसा तोंड लावत नाहीत, माळाला हा मोठाच फायदा. पहिल्या वर्षी 10 गुंठेच करा, खरंच सांगते.