‘कशावरून’ हा रकाना रिकामा ठेवू नकोस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. २० जून १९७२ या एकाच दिवसावर प्रबंधिका लिहायला घेतलीस. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांच्या दैनंदिनीची पानं उतरवलीस, त्यांच्या कार्यालयातल्या बोलण्याच्या ध्वनिफितींची सूची काढलीस, त्यांचे मुख्य सहायक हाल्डमन यांच्या टिपणांच्या प्रती जमवल्यास. आता म्हणतेस की तिन्ही समोर ठेवले की डोकं भणभणतं, यातला खरा कागद कुठला धरू? त्यात तुझे मार्गदर्शक म्हणतात, त्या दिवसाच्या फितीवरच्या पुसल्या गेलेल्या साडेअठरा मिनिटांत काय बोलणं झालं असेल याचा तर्क मांड, परीक्षकांना आवडेल.

परीक्षकांचं नंतर पाहू. ‘खरा कुठला’ हा प्रश्न आधी सोडून दे. प्रत्येक कागदाला तीनच गोष्टी विचार: तुला कोणी लिहिलं, कधी लिहिलं आणि कशावरून लिहिलं. मजकूर त्यानंतर वाचायचा. पेशवे दफ्तरातलं पत्र हाती आलं की ते अस्सल, नक्कल की मागाहून रचलेलं, हे तू आपसूक पाहतेस. बखरीतली तारीख कोणी पुढे केली तर भांडतेस. मग इंग्रजीत टंकलेला सरकारी कागद दिसल्यावर ही सवय कुठे गेली?

दैनंदिनीपासून धर. छापील नमुना आहे. वर उजवीकडे तारीख, वेळ आणि वार. डावीकडे दिवस कुठे सुरू झाला ते ठिकाण. खाली वेळेचे दोन रकाने, आत आणि बाहेर. मग फोनचा रकाना: ‘पी’ म्हणजे अध्यक्षांनी लावलेला, ‘आर’ म्हणजे आलेला, ‘एलओ’ म्हणजे स्थानिक, ‘एलडी’ म्हणजे बाहेरगावचा. उरलेल्या रुंद जागेत एकेक ओळ: अध्यक्ष अमक्यांना भेटले, तमक्यांशी बोलले. काय बोलले याबद्दल अवाक्षर नाही. मोठी बैठक असली की हजर असलेल्यांची यादी परिशिष्टात जाते, आणि ते परिशिष्ट बरेच जण उघडतच नाहीत. तू उघड.

हे पान निक्सन यांनी लिहिलेलं नाही. त्यांच्या सचिवानंही नाही. अध्यक्षांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या एका छोट्या कार्यालयानं ते मागाहून जुळवलं. त्यासाठी अध्यक्षांचं संरक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसच्या येण्याजाण्याच्या नोंदी, टेलिफोन ऑपरेटरच्या याद्या, निवासातल्या सेवकवर्गाची टिपणं आणि भेटींच्या याद्या वापरल्या. म्हणजे दैनंदिनी ही संकलित नोंद आहे. उत्तम संकलन आहे, पण संकलनच. खालच्या कागदात पाच मिनिटांची चूक असली तर वरच्या सुबक पानात ती तशीच येते, आणि सुबकपणामुळे दिसत नाही.

आता तुझ्या पत्रातलं ते वाक्य, ज्यानं मला आज पत्र लिहायला बसवलं: ‘दैनंदिनीची वेळ आणि ध्वनिफितीच्या सूचीतली वेळ तंतोतंत जुळते, म्हणून ती पक्की धरली.’ अगं, जुळणारच! त्या फितीवर घड्याळाची वेळ नोंदलेलीच नाही. सीक्रेट सर्व्हिसनं फेब्रुवारी १९७१ मध्ये ओव्हल ऑफिसात आणि कॅबिनेट रूममध्ये ध्वनिमुद्रणाची यंत्रणा बसवली, एप्रिलमध्ये शेजारच्या एक्झिक्युटिव्ह ऑफिस बिल्डिंगमधल्या कार्यालयात. कॅबिनेट रूम सोडली तर ती आवाजावर चालू-बंद व्हायची. बोलणं थांबलं की फीत थांबे, पुन्हा आवाज आला की सुरू होई, आणि पहिलं अक्षर अनेकदा कापलं जाई. दोन वाक्यांमध्ये दहा सेकंद गेले की अर्धा तास, हे फीत सांगत नाही. अनेक वर्षांनंतर अभिलेखपालांनी त्या फिती ऐकून सूची केली तेव्हा वेळा लावल्या त्या मुख्यतः दैनंदिनीवरून. म्हणून सूचीत जागोजागी ‘अमुक ते तमुक यांच्या दरम्यान, नेमकी वेळ अज्ञात’ असं दिसतं. एकानं दुसऱ्यावरून उतरवलं असेल तर ती साक्ष एकच. दोन म्हणून मोजलीस तर हिशेबच चुकला.

दोन स्वतंत्र साक्षी जुळणं कसं असतं, ते २० जुलै १९६९ च्या पानावर बघ. त्या रात्री ११:४५ ते ११:५० या वेळेत निक्सन चंद्रावरच्या आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांच्याशी बोलले. दैनंदिनीनं त्याला ‘आंतरग्रहीय संभाषण’ म्हटलंय. ही नोंद वॉशिंग्टनच्या घड्याळाची. दुसरीकडे ह्यूस्टनला यानाशी झालेल्या संभाषणाची शब्दशः प्रत आहे, आणि तिच्यातली वेळ मोजली जाते उड्डाणापासून. फोन येतो सुमारे ११० तास १६ मिनिटांवर. उड्डाण १६ जुलैला वॉशिंग्टनच्या वेळेनं सकाळी ९:३२ ला. ९६ तास म्हणजे चार दिवस काढून टाक, उरले १४ तास १६ मिनिटं. ९:३२ मध्ये मिळव: रात्रीचे ११:४८. दैनंदिनीच्या पाच मिनिटांच्या बरोबर आत. इथे एकानं दुसऱ्याचं पाहून लिहिलेलं नाही. अशा जुळणीवर खुशाल भार टाक. आणि तारीखही सांभाळ: तीच वेळ ग्रीनिचला २१ जुलै पहाटे ३:४८, आपल्याकडे २१ जुलै सकाळी ९:१८. शुहूर सन आणि शक यांची सांगड घालणाऱ्या मुलीनं इथे अडखळू नये. वॉशिंग्टन उन्हाळ्यात आपल्यामागे साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा.

आता तुझ्या दिवसाकडे ये. वॉटरगेट इमारतीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयातली घरफोडी १७ जूनला पहाटे पकडली गेली. निक्सन फ्लोरिडाहून १९ च्या संध्याकाळी वॉशिंग्टनला परतले. मंगळवारी, २० तारखेला सकाळी त्या शेजारच्या इमारतीतल्या कार्यालयात आधी त्यांचे सल्लागार एर्लिकमन भेटले, ते गेल्यावर ११:२६ ते १२:४५ हाल्डमन. दोन वेगळ्या भेटी, दैनंदिनीत दोन वेगळ्या ओळी. पण २३ जुलै १९७३ ला वॉटरगेट प्रकरणाचे विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांनी फिती मागवणारा समन्स काढला, त्यात या सकाळचं वर्णन एकाच भेटीचं होतं: निक्सन, एर्लिकमन आणि हाल्डमन, १०:३० ते दुपारी बारा, वेळ अंदाजे. पुढे नेमक्या याच सैलपणाचा आधार घेऊन व्हाइट हाउसच्या बाजूनं सांगितलं गेलं की मागणी फक्त एर्लिकमन यांच्या भेटीचीच आहे असं समजलो होतो. एका ओळीतली वेळ किती महाग पडते बघ. मी वेळेच्या मागे इतकी का लागते, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हेच आहे.

त्याच संध्याकाळची ६:०८ ते ६:१२ ही ओळ तू वगळलीस. का? निक्सन यांच्या प्रचार समितीचे प्रमुख जॉन मिचेल यांच्याशी फोन. तो निवासातल्या ज्या फोनवरून झाला तो ध्वनिमुद्रणाला जोडलेलाच नव्हता. म्हणजे फीत नाही, पण नोंद आहे. तुझ्या प्रबंधिकेत हा फोन नाहीसा झाला, कारण तू फितीची सूची हा पाया धरलास आणि दैनंदिनी नुसती पडताळ्याला घेतलीस. उलट कर. दैनंदिनी हा सांगाडा. तिच्या प्रत्येक ओळीपुढे विचार की या वेळी यंत्र तिथे होतं का, चालू होतं का, ती फीत खुली झाली आहे का. तीनही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येतात. १६ फेब्रुवारी १९७१ च्या आधी आणि १८ जुलै १९७३ च्या नंतर फीत शोधूच नकोस.

आणि ती साडेअठरा मिनिटं.

मार्गदर्शकांचा तर्काचा आग्रह मला पटत नाही आणि पटणारही नाही. जे पुसलं गेलं त्याचा मजकूर तू लिहू शकत नाहीस. पण पुसण्याचा इतिहास लिहू शकतेस, आणि तो जास्त भरीव आहे, कारण तिथे तिन्ही प्रश्नांना उत्तरं आहेत. फीत क्रमांक ३४२. अर्धा मिल (इंचाचा दोन हजारावा भाग) जाडीची, सेकंदाला १५/१६ इंच या संथ वेगानं चालणारी. त्या वेगानं साडेअठरा मिनिटं म्हणजे सुमारे २६ मीटर फीत. २१ नोव्हेंबर १९७३ ला ही रिकामी जागा वॉटरगेट खटल्याचे न्यायाधीश सिरिका यांच्यापुढे उघड झाली. निक्सन यांच्या सचिव रोझ मेरी वुड्स यांनी साक्षीत सांगितलं की मजकूर उतरवताना फोन घ्यायला वळले, चुकून ध्वनिमुद्रणाचं बटण दाबलं गेलं, पण फार तर पाचेक मिनिटं. यंत्र होतं ऊहर ५०००, पायपट्टीनं चालवता येणारं.

सहा तज्ज्ञांच्या समितीनं काय केलं ते बारकाईनं वाच, कारण आपण कागदाचं जे करतो तेच त्यांनी फितीचं केलं. पुसलेल्या जागी ऐकू येणारी गुणगुण ऐकून त्यात शब्द शोधत ते बसले नाहीत. त्यांनी फितीवर लोहकणांचं द्रव लावून चुंबकीय खुणा दृश्य केल्या. ध्वनिमुद्रण सुरू किंवा बंद होताना पुसणारं आणि नोंदणारं शीर्ष फितीवर आडवी बारीक खूण सोडतं. त्या खुणा मोजल्या आणि त्यांची जागा लावली. जानेवारी १९७४ चा निष्कर्ष: किमान पाच आणि कदाचित नऊ वेगवेगळे तुकडे, एकाला एक लागून, आणि ते करायला यंत्राच्या कळा हातानं चालवाव्या लागतात. बहुधा त्याच ऊहर यंत्रावर. कोणी केलं, हे त्यांनी सांगितलं नाही, कारण खुणा माणूस सांगत नाहीत. तूही सांगू नकोस.

त्यानंतरचेही दोन प्रयत्न लिही. २००१ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारानं मूळ आवाज परत मिळवता येतो का हे पाहण्यासाठी मूळ फितीला हात न लावता चाचणी-फिती बनवल्या आणि तज्ज्ञांकडे दिल्या. त्या चाचणी-फितींवरचा आवाजही परत आला नाही, म्हणून २००३ मध्ये प्रयत्न थांबवला. मग २००९ पासून हाल्डमन यांच्या हस्तलिखित टिपणांची तपासणी झाली: वरच्या पानावर लिहिताना खालच्या पानावर उमटलेला दाब वाचता येतो का, एखादं पान गहाळ आहे का. वेगवेगळ्या प्रकाशात चित्रं घेतली, स्थिर विद्युतभार देऊन ठसे शोधले. नवं काही निघालं नाही. हे अपयश प्रबंधिकेत यायलाच हवं. विद्यार्थी ते गाळतात.

टिपणांची उरलेली दोन पानं मात्र आहेत. हाल्डमन यांनी भेट चालू असताना लिहिलेली, तुटक, हातची. कार्यालयात चोरून ऐकण्याची यंत्रं नाहीत ना हे नीट तपासावं, आपला प्रतिहल्ला काय, प्रसिद्धीच्या अंगानं पुढे काय करायचं, अशा ओळी त्यात आहेत. कोणी, कधी, कशावरून: ऐकणाऱ्यानं, त्याच वेळी, स्वतःच्या कानांवरून. म्हणून या दोन पानांचं वजन हाल्डमन रोज रात्री फितीवर जी स्वतःची रोजनिशी सांगत, तिच्याहून वेगळं आहे. रोजनिशीचं त्यांनी दिवस संपल्यावर, काय ठेवायचं ते ठरवून निवेदन केलं. दोन्ही त्याच माणसाची, पण एकाच रांगेत मांडू नकोस. अध्यक्षांच्या भेटींचं आदल्या दिवशी छापलेलं वेळापत्रक तर तिसऱ्याच जातीचं. तो बेत असतो. ‘निक्सन ९ वाजता भेटले’ असं तू एका जागी वेळापत्रकावरून लिहिलं आहेस. ते आजच काढ.

अभिलेखागारात पेटी उघडलीस की पहिलं छायाचित्र पेटीच्या लेबलचं, दुसरं फाइलच्या लेबलचं, मग कागद. तुझ्या वयात आम्ही मजकूर आधी उतरवायचो आणि संग्रह, पेटी, फाइल यांची नोंद ‘नंतर’ म्हणून सोडायचो. ते ‘नंतर’ आलं नाही आणि ती टिपणं आज निरुपयोगी आहेत, ही खंत अजून जात नाही. एका वेळी एकच फाइल बाहेर, पेन्सिल, कागदांचा क्रम जसाच्या तसा. फाइलच्या सुरुवातीला काढून ठेवलेल्या कागदांची यादी असेल: कागदाचा प्रकार, कोणाकडून कोणाला, तारीख, रोखण्याचं कारण. ती यादी हाही कागद आहे, तिचीही प्रत घे. गोपनीयतेमुळे रोखलेल्या कागदाच्या फेरतपासणीचा अर्ज करता येतो, तो यादीतल्या तपशिलावरूनच करायचा. उत्तराला खूप काळ लागतो, म्हणून प्रबंधिका त्यावर टांगून ठेवू नकोस.

हे कागद आज वाचायला मिळतात यामागे एक कायदा आहे, तोही प्रस्तावनेत दोन ओळींत सांग. तोवर अध्यक्षाचे कागद त्याची खासगी मालमत्ता मानले जात. सप्टेंबर १९७४ मध्ये सरकारच्या निक्सन यांच्याशी झालेल्या करारात पुढे फिती नष्ट करण्याची मुभा होती. काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, डिसेंबर १९७४ मध्ये कायदा करून सगळं ताब्यात घेतलं. नंतरच्या अध्यक्षांसाठीचा कायदा १९७८ चा, लागू २० जानेवारी १९८१ पासून. निक्सन यांच्या कागदांना तो लावू नकोस, तुझ्या मसुद्यात तशी चूक आहे.

आता काम. नव्या वहीत सात रकाने आख: वेळ, जागा, कोण, कागद, कोणी लिहिला, कधी लिहिला, कशावरून. २० जूनच्या सकाळपासून रात्रीपर्यंत दैनंदिनीची प्रत्येक ओळ त्यात घाल, मिचेल यांचा फोन धरून. ११:२६ ते १२:४५ या भेटीला मला चार ओळी हव्यात: दैनंदिनी, फीत ३४२, हाल्डमन यांची टिपणं, तज्ज्ञांचा अहवाल. सातवा रकाना भरता आला नाही तर तिथे ‘माहीत नाही’ असं लिही, पण रिकामा ठेवू नकोस. प्रकरणं पाठवू नकोस, आधी ही वही पाठव. मार्गदर्शकांना माझं नाव सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
ताई