'फोर्स्ड लँडिंग'ला 'सक्तीचं लँडिंग' म्हणावं का?

शिकाऊ विमानाचं इंजिन बंद पडलं आणि ते शेतात उतरलं तर त्याला 'सक्तीचं लँडिंग' म्हणायचं की 'आपत्कालीन', असा प्रश्न होता. मला दोन्ही पटत नाहीत. सक्ती म्हटली की सक्ती करणारा कुणीतरी लागतो, सक्तीची रजा, सक्तीची वसुली, इथे कोण आहे? आणि इमर्जन्सी लँडिंग तर प्रवाशाच्या छातीत दुखलं तरी होतं, धावपट्टीवर, दोन्ही इंजिनं ठणठणीत चालू असताना.

माझी भाची विमान शिकतेय, सेसना १५२ वर. ती सांगते, सर मधेच थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा) मागे ओढतात आणि म्हणतात इंजिन गेलं समज, की हिने आधी नाक सांभाळून स्पीड ६० नॉटवर (ताशी साधारण ११० किलोमीटर) आणायचा, मग वारा कुठून आहे ते बघून शेत हेरायचं, कारण हजार फुटांवर असलं तर वारा नसताना जेमतेम अडीच किलोमीटर हातात असतात. खाली ऊस असेल तर ते शेत नको, नांगरट असेल तर सरीच्या दिशेने. म्हणजे एवढं सगळं ती *करत* असते!

आणि पेपरात येतं 'विमान कोसळलं'. २५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला शिकाऊ विमान शेतात आलं, पायलट मुलगी किरकोळ जखमी होऊन वाचली, तेव्हाही हेच क्रियापद. आता दरड कोसळते, पाऊस कोसळतो, ते कुणी करत नसतं, 'तिने विमान कोसळलं' असं मराठीत म्हणताच येत नाही, त्यामुळे शेवटपर्यंत विमान तिच्या हातात होतं की नव्हतं हे वाचणाऱ्याला कळतच नाही.

खरं तर आपल्याकडे नेमकं रूप आहे, 'उतरवावं लागलं'. उतरवणं म्हटलं की उतरवणारी आली, आणि 'लागलं'मध्ये नाइलाज आला. इंजिन चालू आहे पण पुढे ढग खाली आलेत म्हणून आधीच कुठेतरी उतरली तर नुसतं 'खबरदारी म्हणून उतरवलं', तिथे 'लागलं' नको, पायलट लोकही हे दोन प्रकार वेगळेच धरतात.

नामच हवं असेल तर सरळ फोर्स्ड लँडिंग लिहा, त्यात काही वावगं नाही. पण मथळ्याला 'इंजिन बंद पडलं, विमान शेतात उतरवलं' एवढं पुरतं.