सोयाबीनचे बियाणे उगवले नाही आणि दुकानदार हात वर करतो; दाद कुठे मागावी?

पावती जपून ठेवली असेल, तर आपली बाजू भक्कम आहे. दुबार पेरणीच्या घाईत शेत मोडण्यापूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी, कारण तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीचा पंचनामा उभ्या शेतातच होतो आणि पुढचा सारा दावा त्यावरच उभा राहतो. रिकामी पिशवी, तिला शिवलेले लेबल व टॅग, त्यावरील लॉट क्रमांक आणि उरलेले मूठभर बियाणे टाकून देऊ नये. सोयाबीनसाठी किमान उगवणक्षमता ७० टक्के ठरलेली आहे. मात्र पेरणी फार खोल झाली किंवा पुरेशी ओल नव्हती, असा बचाव कंपनी हमखास घेते, म्हणून पंचनाम्यात पेरणीची खोली व ओल यांची नोंद आग्रहाने करून घ्यावी.

भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. बियाणे कायदा, १९६६ असला तरी शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. विनापावतीच्या सुट्या बियाण्याबाबत मात्र दाद मिळणे फार कठीण जाते.