मूत्रपिंडाचे काम घटकेघटकेला मोजता येईल का?

प्रश्न : माझ्या वडिलांना मधुमेह आहे. दंडावर लावलेल्या सेन्सरमुळे त्यांची रक्तातील साखर दिवसभर मोबाइलवर दिसते. गेल्या वर्षी न्यूमोनियामुळे ते आयसीयूत होते. पहिल्या दिवशी क्रिएटिनिन नॉर्मल असल्याचे सांगण्यात आले आणि तिसऱ्या दिवशी मूत्रपिंडांना गंभीर इजा झाल्याचे कळले. साखरेसारखे मूत्रपिंडाचे कामही सतत का मोजता येत नाही?

उत्तर : पहिल्या दिवशीची तपासणी चुकीची होती, असे यावरून समजू नये. क्रिएटिनिन बरोबर मोजले गेले असणार. मात्र मूत्रपिंडांचे त्या क्षणीचे काम त्या आकड्यातून कळतच नाही, आणि या विषयातील सगळी अडचण इथूनच सुरू होते.

क्रिएटिनिन हा स्नायूंमध्ये सतत तयार होणारा टाकाऊ पदार्थ असून मूत्रपिंडे तो रक्तातून गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. एखाद्या हौदात नळाचे पाणी अखंड पडत असावे आणि तळाच्या मोरीतून तेवढेच वाहून जात असावे, अशी कल्पना करा. मोरी अचानक तुंबली तरी पाण्याची पातळी लगेच काठाला येत नाही. ती हळूहळू चढते. त्याचप्रमाणे मूत्रपिंडांची गाळण निम्म्याने घटली, तरी क्रिएटिनिन नव्या पातळीवर स्थिरावण्यास एक ते तीन दिवस लागू शकतात. शिवाय नळाची धारही प्रत्येकाची वेगळी असते. दीर्घ आजाराने स्नायू झिजलेल्या वृद्धामध्ये क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते, त्यामुळे गाळण बरीच मंदावलेली असतानाही त्याचा अहवाल निर्दोष दिसू शकतो. उलट काही औषधे गाळणीला धक्का न लावता हा आकडा वाढवतात.

साखरेशी तुलना नेमकी इथे थांबते. साखर हा पदार्थ आहे आणि जाणून घ्यायचे असते ते त्याचेच प्रमाण. मूत्रपिंडाचे काम हा मात्र पदार्थ नसून वेग आहे. निरोगी तरुण व्यक्तीची दोन्ही मूत्रपिंडे मिळून मिनिटाला साधारण १२० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १७० लिटरहून अधिक द्रव गाळतात आणि त्यातील जवळपास सगळा पुन्हा शोषून घेतात. हा वेग मोजायचा, तर केवळ मूत्रपिंडांवाटे बाहेर पडणारे एखादे द्रव्य शरीरात सोडून ते किती झपाट्याने नाहीसे होते हे पाहावे लागते. १९३०च्या दशकात त्यासाठी इन्युलिन ही वनस्पतिजन्य शर्करा वापरात आली आणि अचूकतेचा मानदंड म्हणून आजही तिच्याकडे बोट दाखवले जाते. परंतु शिरेतून सतत इन्युलिन देणे आणि वारंवार रक्त व लघवी गोळा करणे हा प्रकार इतका किचकट आहे, की रोजच्या उपचारांत त्याला जागा मिळाली नाही.

नव्या तंत्रज्ञानाने हेच जुने तत्त्व उचलले आहे आणि मला त्याचे मोल वाटते ते त्यामुळेच. रेल्मापिराझिन नावाचे, प्रकाश टाकल्यावर चकाकणारे द्रव्य शिरेतून टोचले जाते. शरीरात त्याचे विघटन होत नाही. मूत्रपिंडे ते गाळून बाहेर टाकतात. त्वचेवर चिकटवलेला सेन्सर ही चकाकी किती वेगाने मावळते हे टिपत राहतो आणि त्यावरून गाळणदर काढला जातो. रक्ताचे नमुने घ्यावे लागत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मेडीबीकन या कंपनीच्या या प्रणालीला प्रौढ रुग्णांसाठी मान्यता दिली.

तथापि तिला ‘सतत देखरेख’ म्हणण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एका इंजेक्शनमधून मिळतो तो काही तासांचा सरासरी दर. दंडावरच्या सेन्सरसारखा आठवडाभर चालणारा आलेख नव्हे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ही प्रणाली पडताळली गेली ती ज्यांचे मूत्रपिंडाचे काम स्थिर आहे अशा रुग्णांमध्ये. आपल्या वडिलांची आयसीयूतील अवस्था याच्या अगदी उलट होती : रक्तदाब खालीवर होत असतो, सलाइनमुळे अंगात पाणी साचते, सूज चढते आणि द्रव्य शरीरात कसे पसरेल याचे गणित बदलते. जिथे या मोजमापाची गरज सर्वाधिक आहे, तिथेच ते सर्वांत कठीण आहे. पुढच्या संशोधनाने हाच प्रश्न आधी हाती घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दरम्यान लघवीतून मिळणाऱ्या संकेतांवरही काम चालू आहे. मूत्रपिंडाच्या पेशींवर ताण आल्यावर लघवीत वाढणारी दोन प्रथिने मोजून पुढील १२ तासांतील इजेचा धोका सांगणाऱ्या चाचणीला अमेरिकेत २०१४ मध्येच परवानगी मिळाली. लघवीच्या नळीत सूक्ष्म सेन्सर बसवून लघवीतील ऑक्सिजन सतत मोजण्याचे प्रयोगही हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये झाले आहेत, कारण मूत्रपिंडाचा आतला भाग एरवीही कमी ऑक्सिजनवर काम करतो आणि रक्तपुरवठा घटला की पहिली झळ त्यालाच लागते.

वडिलांबाबत एक सांगणे आवश्यक आहे. अशा इजेनंतर आकडे पूर्ववत झाले, तरी साधारण तीन महिन्यांनी गाळणदर आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासलेले नसेल, तर ते आता करून घ्यावे. मधुमेहात या दोन्ही तपासण्या दरवर्षी व्हायला हव्यात. वेदनाशामक गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

प्रश्न : घामातील किंवा त्वचेखालील द्रवातील क्रिएटिनिन सतत मोजणारी पट्टी निघाली, तर हा प्रश्न सुटणार नाही का?

उत्तर : पूर्णपणे नाही. हौदाची पातळी दर मिनिटाला मोजली, म्हणून ती लवकर चढत नाही. मात्र पातळी कोणत्या गतीने चढते आहे हे बारकाईने दिसले, तर मोरी किती तुंबली याचा अंदाज दिवसातून एकदा केलेल्या तपासणीपेक्षा नक्कीच लवकर बांधता येईल. घामाबाबत मला अधिक शंका आहे, कारण त्याचे प्रमाण आणि दाटपणा सारखा बदलतो.

प्रश्न : माझ्या बहिणीचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आहे. शरीर ते नाकारू लागल्याचे आधीच कळेल असे उपकरण आहे का?

उत्तर : माणसांसाठी वापरता येईल असे अद्याप नाही. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये, थेट मूत्रपिंडावर बसवून त्याचे तापमान टिपणारे एक अतिशय पातळ बिनतारी उपकरण मांडले. उंदरांमधील प्रयोगांत, अवयव नाकारला जाण्याची चिन्हे त्याने रक्ततपासणीच्या काही आठवडे आधी दाखवली. परिणाम आशादायक आहेत. परंतु उंदराकडून माणसापर्यंतचा प्रवास बराच लांब असतो. तोपर्यंत बहिणीच्या ठरलेल्या रक्ततपासण्या आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांच्या वेळा यांत खंड पडू देऊ नये, आणि लघवी कमी होणे, अंगावर सूज, ताप किंवा प्रत्यारोपित मूत्रपिंडाच्या जागी दुखणे यांपैकी काहीही जाणवल्यास पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राशी संपर्क साधावा.